चावीला एकच हात

"या चावीला एकाच माणसाचा हात लागू द्या," घड्याळवाले काका म्हणाले होते. "जो घालणार त्याचाच. बाकीच्यांनी नुसतं बघायचं."

मी मान डोलावली, डबी पिशवीत टाकली, पोरीला कडेवर घेतलं आणि दुकानाची पायरी उतरेपर्यंत ते वाक्य विसरूनही गेले. एरवी सूचना न ऐकणाऱ्यांतली मी नाही. औषधाच्या खोक्यातला घड्या घातलेला कागद मी दोन्ही बाजूंनी वाचते. लस टोचणाऱ्या नर्सने एक सांगितलं तर मी तिला चार विचारते. मला बघितलं की ती आधी खुर्चीत नीट बसून घेते. पण त्या दिवशी वाटलं, गिऱ्हाईक निघालं की दुकानदार काहीतरी बोलतोच. 'पुन्हा या' म्हणायच्या ऐवजी हे म्हणाले, एवढंच.

माझा नवरा पाणबुड्या आहे. किनाऱ्यापासून बोटीने अर्ध्या तासावर समुद्रात माशांचे जाळीचे पिंजरे आहेत, एकेक घराएवढा. त्यांची फाटलेली जाळी शिवायची, तळाशी पडलेले मेलेले मासे गोळा करायचे, साखळ्या तपासायच्या, हे त्याचं काम. पाठीवर सिलिंडर, सोळा मीटर खाली, एका बुडीला चाळीस मिनिटं. "लोक सुट्टी काढून, पैसे भरून स्कूबा करायला जातात," तो म्हणतो, "मला तर उलटे पैसे मिळतात." लग्नाआधी हे ऐकून मला हसू यायचं. गोटी झाल्यापासून येत नाही.

गोटी म्हणजे आमची मुलगी, दहा महिन्यांची. जन्मली तेव्हा इतकी गोल होती की नाव ठेवेपर्यंत सगळे गोटीच म्हणायला लागले, आणि नाव ठेवल्यावरही तेच चालू राहिलं.

तर, पाण्याखाली किती वेळ झाला, किती खोल आहोत, वर येताना अंगाला बाधू नये म्हणून कुठे किती थांबायचं, हे सगळं सांगणारा एक छोटा कॉम्प्युटर पाणबुडे मनगटावर बांधतात. यांच्या कंपनीत पाणबुडे दोन आणि कॉम्प्युटर एक. ज्याला जास्त खोल जायचं त्याने तो बांधायचा, दुसऱ्याने साध्या घड्याळावर भागवायचं, असा शिरस्ता. एका संध्याकाळी जेवताना नवरा गंमत सांगावी तसा म्हणाला, "आज माझं घड्याळ खालीच बंद पडलं. बॅटरी गेली. मग काय, अंदाजाने आलो वर."

"अंदाजाने म्हणजे?"

"म्हणजे भूक लागली तेव्हा."

सासूबाई हसल्या. मीही हसले, पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गोटीच्या लसीकरणाच्या फाइलमध्येच एक नवा कागद लावला आणि त्यावर रकाने आखले. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, सध्या रजेवर. रकाने आखल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. किती मीटरपर्यंत चालतं, काच कसली, पट्टा कसला, अंधारात काटे दिसतात का, दुरुस्ती कुठे होते. शेवटचा रकाना किमतीचा. गोटीला पाजताना मोबाइलवर वाचायचं आणि ती झोपली की लिहायचं. काही घड्याळांच्या किमती वाचून मला वाटलं, शून्य चुकून पडलं असेल. तेवढ्यात कंपनीला आणखी चार कॉम्प्युटर आले असते. माझी मर्यादा ठरलेली होती, आमचं एका महिन्याचं घरभाडं, त्यावर काही नाही.

आधी मी बाजारातल्या काचेच्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने सहा घड्याळं मखमलीवर मांडली आणि सगळी 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगितली. गोटीने त्यातल्या सर्वांत महागाच्या घड्याळावर लाळ गाळली तेव्हा त्याने घाईने फडकं शोधलं. पाण्याचं घड्याळ आणि लाळेला घाबरतो, हे काही मला पटलं नाही. मी निघाले.

मग घड्याळवाले काका. दवाखान्याच्या गल्लीत, पायरीवरून आत गेलं की एक टेबल, एक दिवा, एक स्टूल. डोळ्याला भिंग लावलेलं, ते काढायची तसदी न घेता ते बोलतात, त्यामुळे एक डोळा आपल्याकडे आणि एक घड्याळात. त्यांनी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला.

"कुठे वापरणार?"

मी सांगितलं. आणि माझा कागद पुढे करून मी म्हणाले, "यातल्या एका घड्याळावर तीस मीटर लिहिलंय. तो तर सोळाच मीटर जातो."

"तीस मीटर म्हणजे हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील. पन्नास म्हणजे फार तर पोहा. पाणबुड्यासाठी दोनशेच्या खालचं काही मला दाखवूच नका."

"मग तीस मीटर असं लिहितात कशाला?"

"चाळीस वर्षं मीही हेच विचारतोय. तो आकडा घड्याळ गप्प बसलेलं असताना घेतलेला असतो, ताई. तुमचे यजमान खाली गप्प बसतात का?"

"ते घरीही बसत नाहीत."

काकांनी भिंग काढलं. म्हणजे आमचं जमलं.

दुसऱ्या फेरीला मी नवऱ्याचा एक हातमोजा आणि जुन्या फाटक्या सूटची कापलेली बाही पिशवीत घालून नेली. सूट जाड रबराचा असतो, त्यावरून पट्टा बसला पाहिजे; आणि बोटांत मोजा असताना रिंग फिरली पाहिजे. काकांनी बाही स्वतःच्या हातावर चढवली, मोजा घातला आणि दुकानातली दोनशे मीटरवाली पाचही घड्याळं एकेक करून बांधून बघितली. समोरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. "या, तुम्हालाही उतरवतो," काका त्याला म्हणाले. तो गेला.

स्टीलचे पट्टे बाहीवर पुरेनात. रबरी पट्टा पुरला. चकचकीत महागड्या काचेचं एक घड्याळ काकांनी स्वतःच बाजूला सारलं. "या काचेवर ओरखडे पडत नाहीत, पण फुटली तर पुन्हा घड्याळाएवढाच खर्च. ही दुसरी साधी. ओरखडे पडतील. पडू द्या. उद्या फुटली तर मी इथेच बसवून देतो."

काचेच्या भोवतीची फिरती रिंग मला त्यांनी समजावून सांगितली. उतरताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, मग किती मिनिटं झाली ते रिंगवरच वाचता येतं. आणि ती एकाच बाजूला फिरली पाहिजे. "समजा दगडाला घासून सरकली, तर वेळ जास्त झाला असंच दाखवेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही."

मला ती रिंग फार आवडली. ती माझ्यासारखीच होती. चुकायचंच तर घाबरण्याच्या बाजूने.

काटे अंधारात दिसतात का हे बघायला मी गोटीला घेऊन त्यांच्या मागच्या सामानाच्या खोलीत शिरले आणि दार लावलं. अंधारात पाच घड्याळं हिरवी चमकली, आणि गोटी जन्मात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने खिदळली की बाहेरून काकांनी विचारलं, "काय, आवडलं का गिऱ्हाइकाला?"

शेवटी दोन उरली. एक बॅटरीचं, एक हाताच्या हालचालीवर चालणारं, आपोआप किल्ली भरून घेणारं. काका म्हणाले, बॅटरीचं घ्या. दोन वर्षांनी बॅटरी बदलू, रबरी वॉशर बदलू, दाब तपासू, झालं. पण मला बॅटरी हा शब्दच नको होता. बॅटरीने एकदा दगा दिला होता.

"हे दुसरं रोज पंधरा-वीस सेकंद पुढे जाईल," काका म्हणाले. "पाण्याखाली सेकंदाला कोण विचारतो म्हणा."

मी तेच घेतलं. त्यांनी ते एका जाड काचेच्या डब्यात पाण्यावर टांगलं, हवेचा दाब चढवला, पाण्यात सोडलं आणि दाब उतरवला. आम्ही तिघं नाकं टेकवून बुडबुडा येतो का बघत राहिलो. एकही आला नाही. प्रयोगशाळेतून रजा घेतल्यापासून इतकं समाधान मला कशानेच झालं नव्हतं. मग त्यांनी मला कडेची चावी दाखवली, वेळ लावायची ती. आटे असलेली, फिरवत फिरवत बाहेर काढायची आणि आत दाबून पुन्हा घट्ट फिरवून बसवायची. बसली नाही तर तिथूनच पाणी आत जातं. त्यावर ते एका हाताबद्दलचं वाक्य म्हणाले, आणि मी घरी आले.

नवऱ्याने डबी उघडली. मग बाही वर करून घड्याळ बांधलं आणि सासूबाईंना म्हणाला, "आई, बघ, सुनेने बेडी घातली."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "मला जमलं नाही ते तिने केलं."

तो ते रोज घालून जाऊ लागला. आंघोळीला जाताना मात्र काढून खिडकीत ठेवायचा. साबणाने वॉशर खराब होतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आणि इथेच माझी खोड आडवी आली. मोबाइलवर सात वाजले की घड्याळात सात वाजून अठरा सेकंद. दुसऱ्या दिवशी अडतीस. माझ्याच घरात, मी निवडलेलं, माझ्याच माणसाच्या मनगटावर जाणारं यंत्र चुकीचं दाखवतंय, हे मला बघवेना. तिसऱ्या दिवशी तो आंघोळीत असताना मी चावी फिरवून काढली, वेळ मोबाइलशी जुळवली, चावी दाबून घट्ट बसवली. एका मिनिटाचं काम. मग रोजच करायला लागले. सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? शर्टाचं सुटलेलं बटण आपण सांगून लावतो का?

बटणच निघालं नेमकं. एका सकाळी मी चावी आत दाबली आणि फिरवणार तेवढ्यात गोटीच्या तोंडात काहीतरी दिसलं. घड्याळ खिडकीत टाकून मी धावले. बोट घालून तिच्या तोंडातून बटण काढलं, ती मला चावली, ती रडली, मीही थोडी रडले. बाहेर येईपर्यंत नवरा घड्याळ बांधून जिना उतरलाही होता.

त्या दिवशी कॉम्प्युटर दुसऱ्या पाणबुड्याकडे होता.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला आला. चहा घेतला, गोटीला पोटावर बसवलं, आणि मग घड्याळ माझ्यापुढे धरलं. काचेच्या आत धुकं आणि त्यात एक थेंब, काट्यांबरोबर अडकलेला.

"तुझ्या काकांनी फसवलं," तो म्हणाला. "सतराव्या मिनिटाला बंद पडलं. मला कळलंच नाही. जाळं शिवत होतो, खाली गढूळ होतं, दोनदा बघितलं तर सतराच. म्हटलं आज काम पटापट होतंय."

"मग?"

"मग दोरीवर मावशी होती ना."

तेव्हा मला कळलं की पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असते आणि तिचं दुसरं टोक बोटीवर कुणीतरी हातात धरून बसतं. यांच्या बोटीवर ती दोरी मावशी धरतात. आधी किनाऱ्यावर जाळी विणायच्या. एक झटका म्हणजे ठीक आहेस ना, चार म्हणजे वर ये. चाळीस मिनिटं झाल्यावर त्यांनी चार झटके दिले. याला वाटलं मावशींना घाई झाली. याने उलट एकच झटका दिला, ठीक आहे म्हणून. त्यांनी पुन्हा चार दिले, असे की हा जाळ्यापासून हातभर सरकला. तेव्हा आला.

"थांबलास ना मध्ये? पाच मीटरवर?"

"थांबलो गं. मनात एकशेऐंशीपर्यंत मोजलं." गोटीचे पाय हलवत तो म्हणाला, "उद्या सुट्टी आहे. जाऊन त्या माणसाला दाखवतोच."

मी घड्याळ हातात घेतलं. चावीचे दोन आटे बाहेर दिसत होते. पाण्याचे नमुने तपासण्यात माझी सहा वर्षं गेली. काय झालंय हे कळायला मला भिंगाची गरज नव्हती. मी ते टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायला गेले. त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. ते मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. नवरा चढ्या आवाजात बोलणारा नाही, पण शब्द मोजून बोलायला लागला की समजावं. "काका, दोनशे मीटर म्हणालात. मी सोळावर होतो. घरी एवढीशी पोर आहे माझी."

काकांनी भिंग लावलं. मागचं झाकण उघडलं, वॉशर चिमट्याने उचलून उजेडात धरला. मग चावी काढून तिचे आटे बघितले. आट्यांत मिठाचा पांढरा थर होता. त्यांनी भिंगातूनच माझ्याकडे बघितलं. दुसरा डोळा मिटलेला होता, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"माझ्याकडून तपासायचं राहिलं असेल," काका म्हणाले. "बदलून देतो."

नवरा म्हणाला, "बदलून काय देता? काल मी..."

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. अठरा सेकंद, अडतीस सेकंद, खिडकी, मोबाइल, बटण. सांगताना मी गोटीच्या टोपीचे बंद चारदा बांधले आणि सोडले.

नवरा स्टुलावर बसला. "रोज?"

"रोज."

"मी बोटीवर सगळ्यांना सांगत होतो, काय घड्याळ आहे, महिना झाला, सेकंद इकडचा तिकडे नाही." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "चावी मी पहिल्या दिवशी एकदाच घट्ट केली होती. पुन्हा बघितलीच नाही. म्हटलं, माझ्याशिवाय हात कोण लावतंय." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "काल सिलिंडरमधल्या हवेचा काटा खाली आलेला दिसला होता मला. म्हटलं, काटाच अडकला असेल. घड्याळ तर हिने एवढं पारखून घेतलंय."

हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. दुकानात सगळी घड्याळं टिकटिकत होती आणि मला वाटलं, यांतलं एकही नको, नोकरीच नको, समुद्रच नको. तसं मी म्हणालेही बहुतेक, कारण काका उठले आणि त्यांनी आतून पाण्याचा पेला आणून दिला.

"ताई," ते म्हणाले, "बॅटरीचं घ्या. त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. ते महिन्यात फार तर दहा-पंधरा सेकंद चुकतं. तेवढं तुम्हाला सहन होईल का?"

मी विचार केला. खरंच विचार केला. "महिन्यातून एकदा तो स्वतः लावेल. माझ्यासमोर."

"मी लावेन," नवरा म्हणाला. "तू हात मागे बांधून उभी राहायचं, तपासनीसबाई."

"गोटी असते माझ्या हातात."

"मग उत्तमच."

जुन्या घड्याळाचं यंत्र गेलं होतं. पट्टा आणि काच काकांनी ठेवून घेतली आणि तेवढे पैसे वळते केले. नवं पुन्हा त्या काचेच्या डब्यात टांगलं. या वेळी बुडबुडा बघायला आम्ही चौघं होतो. परतताना नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, गल्ली संपेपर्यंत काढला नाही. म्हणाला, "पुढच्या वेळी कशाचीही काळजी वाटली तर मला सांगून कर. चोरून काळजी करू नकोस." आता तो निघताना दारात मनगट पुढे करतो, मी चावी बघते, 'जा' म्हणते. गोटीही मान वाकवून बघते.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही.

दुकानातून आलो त्याच संध्याकाळी मी मावशींचे आभार मानायला गेले. नवऱ्याला पत्ता विचारला तर त्याला माहीत नव्हता. सहा वर्षं तो त्यांच्या दोरीच्या टोकाला लटकतोय आणि त्या राहतात कुठे हे त्याला ठाऊक नाही. बोटवाल्याकडून कळलं. बर्फाच्या कारखान्यामागे एक खोली, दार नुसतं लोटलेलं. आत मावशी पडून होत्या, अंगात ताप, उशाशी रिकामा तांब्या. पाचवा दिवस होता.

"म्हणजे त्या दिवशीही?" मी विचारलं.

"त्या दिवशी तर जास्तच होता."

"मग आलात कशाला?"

"दोरी कुणाकडे देऊ? बोटवाल्याकडे दिली तर तो ती पायाखाली घालून फोनवर बोलत बसतो." त्यांनी गोटीकडे बघितलं. "ही त्याची होय? हट्टी आहे हो तुझा बाप. दोनदा ओढायला लावलंन् मला."

मी पाणी भरलं, डॉक्टरांना बोलावलं, भांडी घासली. त्या पुरत्या उठेपर्यंत त्यांची जागा कुणी घ्यायची ते नवऱ्याने कंपनीशी भांडून ठरवून घेतलं आणि ते ठरेपर्यंत पाण्यात उतरला नाही. आता रोज सकाळी सातला मी त्यांना फोन करते. त्या वैतागतात, 'जिवंत आहे' म्हणतात आणि ठेवून देतात.

तुमच्या घरचं कुणी पाण्यात उतरत असेल, खांबावर चढत असेल, टाकीत शिरत असेल, तर बाहेर कुणीतरी त्याच्यासाठी उभं असतं. ते कोण, हे आज घरी विचारा. नंबर घ्या आणि त्या माणसाला एक फोन करा. ताप नाही ना, जेवलात ना, घरी कुणी आहे ना, एवढंच विचारा. आणि फोन उचलला नाही, तर जाऊन बघून या.